मदत हवी आहे: मुंबईचे ‘पहिले गव्हर्नर’ म्हणून फलकावर कोणाचं नाव लिहावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या गिरगावातल्या वाचनालयात 1 मेच्या निमित्ताने छोटंसं प्रदर्शन लावतोय. विषय आहे राज्यपालपदाचा इतिहास. मजकुराचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि गाडी पहिल्याच फलकावर अडली आहे. पहिला गव्हर्नर कोण, यावरून समितीत चक्क तट पडलेत.

एक ज्येष्ठ काका म्हणतात, सर जॉर्ज ऑक्झेंडन. 1668 मध्ये इंग्लंडच्या राजाने वर्षाला 10 पौंड भाड्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, तेव्हा सुरतेच्या वखारीचे प्रमुख ऑक्झेंडनच होते, त्यामुळे इथलं गव्हर्नरपदही त्यांच्याकडे आलं. पण त्याआधी काही वर्षं बेट थेट राजाच्या ताब्यात होतं, त्याचं काय करायचं? 1665 मध्ये पोर्तुगीजांकडून ताबा घेतला हम्फ्री कुक यांनी. हे कुक म्हणजे सर अब्राहम शिपमन यांचे चिटणीस. राजाने गव्हर्नर नेमलं होतं ते शिपमन यांना. पोर्तुगीज बेट सोडेनात, तेव्हा शिपमन फौजेसह कारवारजवळच्या अंजदीव बेटावर ताटकळत राहिले आणि तिथेच वारले. मुंबईचा कारभार त्यांच्या नशिबी आलाच नाही! मला फलक त्यांच्यापासूनच सुरू करायचाय, पण काकांच्या मते ‘ज्याने राज्य केलं नाही तो कसला गव्हर्नर’.

तरुण मंडळींना साहेब मुळातच नकोत. त्यांची यादी जानेवारी 1948 पासून, म्हणजे सर जॉन कॉलव्हिल गेल्यावर आलेल्या राजा महाराज सिंग यांच्यापासून सुरू होते. पहिले भारतीय गव्हर्नर तेच, यात वाद नाही. मात्र राष्ट्रपतींनी नेमायचं ते राज्यपालपद 26 जानेवारी 1950 ला राज्यघटनेसोबत आलं. आणि महाराष्ट्र दिनाचंच प्रदर्शन म्हटलं तर मान श्रीप्रकाश यांचा. ते 1956 च्या डिसेंबरात द्वैभाषिक (मराठी-गुजराती) मुंबई राज्याचे राज्यपाल म्हणून आले आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल झाले. माणूस तोच, बंगला तोच, राज्य तेवढं नवं. गुजरातला त्याच दिवशी मेहदी नवाज जंग मिळाले.

खरं सांगायचं तर मला नावांपेक्षा ‘नेमणूक कोणाची आणि लगाम कोणाच्या हातात’ हे दाखवण्यात जास्त रस आहे. 1937 मध्ये बाळासाहेब खेरांचं निवडून आलेलं मंत्रिमंडळ आलं. 1939 मध्ये ते राजीनामा देऊन बाहेर पडलं, आणि 1946 पर्यंत सगळा कारभार पुन्हा गव्हर्नरच्या मुठीत गेला. पुढे संविधान सभेत तर राज्यपाल लोकांनी निवडून द्यावा असा मसुदा होता! मुख्यमंत्रीही निवडलेला, राज्यपालही निवडलेला, मग दोघांत जुंपेल, म्हणून 1949 मध्ये तो बदलून राष्ट्रपतींनी नेमायचं ठरलं. (जुंपायची ती जुंपतेच, पण समितीने ‘आजचं राजकारण नको’ अशी तंबी दिली आहे. राष्ट्रपती राजवटीची 1980, 2014 आणि 2019 ही सालं तेवढी मी हळूच घुसवणार आहे.)

निवासस्थानांचा फलक झालाय: आधी किल्ला, मग परळचा बंगला, जिथे आज हाफकिन संस्था आहे, आणि 1885 पासून मलबार पॉइंट. ग्रँट रोड, सँडहर्स्ट रोड, रे रोड ही गव्हर्नरांच्या नावांची स्टेशनं शाळकरी मुलांसाठी नकाशावर दाखवतोय.

तर जाणकारांनो, पहिल्या फलकावर एकच नाव घालायचं झालं तर तुम्ही कोणाचं घालाल आणि का? की ‘नेमलेले पहिले’, ‘कंपनीचे पहिले’, ‘भारतीय पहिले’, ‘महाराष्ट्राचे पहिले’ अशी चार छायाचित्रं शेजारी शेजारी लावावीत? शिपमन यांचं विश्वासार्ह चित्र कोणी पाहिलंय का? 1 आणि 2 मे 1960 ची मराठी वर्तमानपत्रं कुठे चाळायला मिळतील? एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात माझ्यासारख्या हौशी माणसाला अर्ज करून कागद बघू देतात का, सोबत काय काय न्यावं लागतं? अलीकडे तिथे कोणी गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. काकांना उत्तर छापील पुराव्यासकट लागतं, त्यामुळे पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक दिलात तर फार उपकार होतील.