मदत हवी आहे : स्पेनमधली व्हर्जिन देल कार्मेनची समुद्रातली मिरवणूक

जुलैमध्ये आम्ही दोघं मालागाला असणार आहोत, आणि १६ जुलैला तिकडे व्हर्जिन देल कार्मेनचा सण असतो, म्हणजे खलाशी आणि कोळ्यांची माउली, तर एल पालो भागातली मिरवणूक बघायचा विचार आहे. व्हिडिओत पाहिलं, मूर्ती खांद्यावर घेऊन लोक किनाऱ्यापर्यंत येतात, मग ती होडीत चढवतात आणि मागून पताका लावलेल्या बाकीच्या होड्या भोंगे वाजवत निघतात. बुडालेल्यांच्या आठवणीत पाण्यात फुलं सोडतात ते बघून तर गलबलूनच आलं.

कुणी प्रत्यक्ष गेलंय का? बाहेरच्यांना होडीत घेतात की ते फक्त कोळी कुटुंबांसाठीच असतं? आगाऊ कुणाशी बोलावं लागतं का? किनाऱ्यावरूनच बघायचं तर किती वाजता जागा धरायची, कारण बायकोला गर्दीत फार वेळ उभं राहता येत नाही (गुडघा). आणि फुलं सोडताना फोटो काढले तर चालतं का? त्यांच्या घरचं दुःख असतं ते, उगाच कॅमेरा घुसवायचा नाहीये.

काही गावांत मिरवणूक जवळच्या शनिवार-रविवारी असते म्हणे, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी विचारतोय.