इथिओपिया 'कधीच गुलाम नव्हता', मग मलिक अंबर काय फिरायला आला होता?

माचीवरचा:
काल ग्रुपवर एक पोस्ट फिरत होती. म्हणे इथिओपियन लोकांना 'काळ्यांच्या इतिहासात' ओढू नका, ते कधी कुणाचे गुलाम नव्हते, लिपी स्वतःची, धर्म जुना, नाकडोळे आपल्यासारखे. त्या 'आपल्यासारखे'नेच डोकं फिरलं माझं. अहो, न्यूयॉर्कमधल्या काळ्या लोकांनी 1808 साली स्वतःचं चर्च काढलं तेव्हा त्याला नाव काय दिलं? ॲबिसिनियन, म्हणजे इथिओपियाचंच जुनं नाव! 1896 ला अडवाच्या लढाईत इथिओपियाचा राजा मेनेलिकने इटलीला लोळवलं तेव्हा अमेरिका-कॅरिबियनमधले काळे लोक 'आपण जिंकलो' म्हणून मिरवले. 1935 ला मुसोलिनी इथिओपियात घुसायच्या बेतात होता तर शिकागोचा काळा पायलट जॉन रॉबिन्सन थेट तिथे जाऊन विमानदल सांभाळायला लागला. घाना 1957 ला स्वतंत्र झाला, झेंड्याचे रंग कुणाचे घेतले? आणि हे म्हणतात संबंध नाही.

रोखठोक:
ती पोस्ट माझीच, त्यामुळे उत्तर देतो. तुम्ही सांगताय ते सगळं एकतर्फी प्रेम आहे हो. न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतल्या माणसाने इथिओपियाचं स्वप्न बघितलं, इथिओपियाच्या राजाने त्याचं बघितलं का? तिथले राजे स्वतःला बायबलमधल्या सॉलोमन राजाचे वंशज म्हणवत होते. ज्या मेनेलिकच्या आरत्या ओवाळताय त्याच्याच फौजांनी इथिओपियाच्या दक्षिणेकडच्या लोकांना जिंकून गुलाम केलं. गुलामगिरी कायद्याने पूर्ण बंद झाली 1942 ला! आणि काळ्यांचा मोठा पुढारी मार्कस गार्वी, त्यानेच नंतर इथिओपियाचा सम्राट हैले सेलासीला धू धू धुतलं होतं, तेही वाचा जरा.

माचीवरचा:
वा! म्हणजे गुलामगिरी होती हे तुम्हीच सांगताय आणि पोस्टमध्ये 'कधीच गुलाम नव्हते'. मग निजामशाहीचा वजीर झालेला इथिओपियाचा मलिक अंबर काय फिरायला आला होता का नगरला? चापू नावाचं पोरगं, विकलं गेलं, बगदाद वगैरे करत निजामशाहीतल्या चंगीझखान वजिराकडे पोचलं, आणि तो चंगीझखान पण हबशीच, म्हणजे इथिओपियाकडचाच. अटलांटिकवरची गुलामांची जहाजं तेवढीच खरी, तांबड्या समुद्रातून गेलेली माणसं मोजायचीच नाहीत का? आणि एकतर्फी म्हणे, इथिओपियातल्या शाशेमेनेची जमीन परदेशातल्या काळ्यांना राहायला कुणी दिली? सेलासीनेच.

सह्याद्रीपुत्र:
अंबरचा विषय निघालाच आहे तर एकदाच सांगतो, गनिमी कावा त्याने शिकवला ही थाप बंद करा. डोंगर आमचे, घोडी आमची, माणसं आमची.

माचीवरचा:
मी गनिमी काव्याचा ग सुद्धा काढला नाही दादा.

सह्याद्रीपुत्र:
काढणारच होतात. 1624 ची भातवडीची लढाई कुणाच्या जोरावर जिंकली? शहाजीराजे होते तिथे, त्यांचे भाऊ शरीफजी तर तिथेच पडले.

दौलताबादी:
होते ना, अंबरच्याच बाजूने होते! मोगल आणि आदिलशाही दोन्ही समोर असताना जिंकले. एकत्र लढले म्हणून अभिमान वाटायला हवा तर तुम्ही क्रेडिटच्या वाटण्या करताय. जहांगीर इतका जळत होता की अंबरचं भाल्यावरचं मुंडकं आणि स्वतः त्यावर बाण मारतोय असं चित्र काढून घेतलं, प्रत्यक्षात अंबर कधी हाती लागला नाही, 1626 ला म्हातारा होऊन मेला.

सह्याद्रीपुत्र:
तुमच्यासारख्यांना परकाच मोठा वाटणार.

दौलताबादी:
'तुमच्यासारख्या' म्हणजे कसल्या? स्पष्ट बोला की.

मेरीलँडकर:
दोघंही पाणी प्या. मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या अमेरिकेतल्या ऑफिसात एक इथिओपियन आहे, सिल्व्हर स्प्रिंगला राहतो, तिकडे हबेशांची, म्हणजे इथिओपियन लोकांची, दुकानं-हॉटेलं भरपूर. पहिल्या वर्षी मला ऐटीत सांगायचा, आम्ही ब्लॅक नाही, आम्ही हबेशा. मला पटलं पण होतं, आपण कुठे स्वतःला नुसतं 'ब्राउन' म्हणतो. मग एकदा रात्री पोलिसांनी त्याची गाडी थांबवली आणि पाऊण तास रस्त्याकडेला बसवलं. परवा पोराच्या शाळेच्या फॉर्मवर त्याने गुपचूप ब्लॅकवर टिक केली, मी विचारलं नाही.

रोखठोक:
म्हणजे पोलीस ठरवणार इतिहास. छान.

गुलमंडीवाली:
रोखठोक, तुमची पोस्ट चूकच आहे, पण इथिओपियाच्या दक्षिणेबद्दलचं खरं आहे. माझे बाबा सेलासीच्या काळात तिथे गणिताचे मास्तर होते, तेव्हा कितीतरी भारतीय मास्तर तिकडे गेले होते. पोरं त्यांना 'फरंजी' म्हणायची, गोऱ्याला म्हणतात तेच! पण वर्गातल्या दक्षिणेकडच्या काळ्याकुट्ट पोराला बाकीची 'बारिया' म्हणून चिडवायची. बारिया म्हणजे गुलाम. बाबांनी एकदा दोघांना छडी मारली होती त्यावरून. आणि गंमत म्हणजे बाबा औरंगाबादचे, लहानपणी अंबरच्या पाणचक्कीवर खेळलेले, पण सहा वर्षं तिथे काढून एकालाही सांगितलं नाही की आमचं गाव तुमच्या माणसाने वसवलंय. त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

दौलताबादी:
ताई, बाकी सगळं मान्य पण पाणचक्की अंबरच्या खूप नंतरची. अंबरची ती नहर, गावाला पाणी आणणारी.

गुलमंडीवाली:
बरं बाबा, नहर.

रोखठोक:
ठीक आहे. 'कधीच गुलाम नव्हते' हे वाक्य काढतो पोस्टमधून, 1808 वालं चर्च मला माहीत नव्हतं. 'आपल्यासारखे' मात्र ठेवणार, बारियाची गोष्ट ऐकल्यावर तर जास्तच पटलं.

सह्याद्रीपुत्र:
भातवडीचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.