बारा दात्यांचा बोल्ट: घरी गाडी उघडू द्यायची नाही म्हणून का?

नाशिकरोडचा_मंदार
मंडळी, गाडी जर्मन कंपनीची, 2014 ची डिझेल हॅचबॅक, वॉरंटी कधीच संपलेली. डाव्या ड्राइव्ह शाफ्टचं (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा दांडा) आतलं रबरी बूट, म्हणजे ग्रीस धरून ठेवणारं आवरण, फाटलंय, ग्रीस सगळीकडे उडालंय. बूट किरकोळ किमतीचं, पण सर्व्हिस सेंटर म्हणतं अख्खा शाफ्टच बदला. म्हटलं रविवारी स्वतःच करू. गाडी स्टँडवर घेऊन खाली शिरलो, तर गिअरबॉक्सकडचे सहाही बोल्ट भलतेच. ॲलन की चालत नाही, साधा स्टारही नाही, आत बारा दाते! फोन केला तर उत्तर आलं, "ते आमच्याच टूलनं निघतं, हात लावू नका." त्यात बीएमडब्ल्यूच्या लोगोच्या आकाराच्या स्क्रूची बातमी वाचली आणि डोकं फिरलं. हे मुद्दाम करतात का? आणि काढू कसे?

बंड्या_ठाणे
T45 चा स्टार बिट हातोडीनं हाणून बसव. बसतो म्हणे.

उद्यमनगर_गॅरेज
बंड्याभाऊ, "म्हणे"वर बोल्ट निघत नसतो. स्टार आत शिरतो, बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की दाते खाऊन टाकतो. असल्या गाड्या माझ्याकडं टोइंगवरनं येतात, मग तासाभराच्या कामाला दिवस जातो.

मंदार, ह्याला ट्रिपल स्क्वेअर म्हणतात, पाकिटावर एक्सझेडएन लिहिलेलं असतं. फोक्सवॅगन, ऑडी, स्कोडाच्या गाड्यांत जागोजागी असतो. तुझ्या बोल्टाला बहुतेक M8 मापाचा बिट लागेल, पण लावून बघ, सैल वाटला तर थांब. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात नाना पेठेत माग, चार-पाचशेत अख्खा सेट देतील. "आमच्याच टूलनं" ही निव्वळ थाप आहे.

मुद्दाम करतात का? हा बोल्ट तरी नाही. तिथं बाहेरनं गोटी (सॉकेट पाना) घालायला जागा नसते, डोकं लहान, टॉर्क (आवळायचा जोर) जास्त. बारा दात्यांवर जोर वाटला जातो. स्टारचंही तेच. चार फुलीचा फिलिप्स जोर लावला की बिट बाहेर ढकलतो, कारखान्यात मशीनला ते परवडत नाही, म्हणून टॉर्क्स, म्हणजे हाच स्टार, आला. मधे खुंटी असलेला टॉर्क्स मात्र निव्वळ "तू लांब राहा" म्हणायला केलेला. एअरबॅगवर असला तर मी हात जोडतो. एअर फिल्टरच्या झाकणावर असला तर शिवी देतो.

आणि खरं सांगू का, बोल्टाचं मला टेन्शनच नाही. लोखंडाला लोखंडानं उत्तर आहे, इथं गल्लीत लेथवाला बिट घडवून देईल. कुलूप आहे ते कॉम्प्युटरमधे. हँडब्रेक इलेक्ट्रॉनिक असला तर मागचे पॅड बदलायला आधी कॅलिपरची (पॅड दाबणारा भाग) मोटर स्कॅनरनं मागं घ्यावी लागते. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवली तरी ती गाडीला "कळवावी" लागते. त्याला लेथवाला काय करणार?

स्टुटगार्टकर
बीएमडब्ल्यूबद्दल थोडं. 2025 च्या डिसेंबरात गाजला तो पेटंटचा अर्ज आहे, गाडीत बसवलेला स्क्रू नव्हे. गोल डोक्याचे लोगोसारखे चार भाग, त्यातले समोरासमोरचे दोन खोलगट. नेहमीच्या हत्यारांनी अनधिकृत माणसाला तो फिरवता येऊ नये, हा हेतू अर्जातच दिलाय. लपवाछपवी नाही, हे एक बरं! कंपन्या पेटंट घेतात त्यातलं बरंच कधी कारखान्यात पोचतही नाही.

उद्यमनगरच्या काकांशी मी निम्माच सहमत. टॉर्क्सलाही एके काळी पेटंट होतं, पण टूलवाल्यांना परवाने मिळाले आणि बिट जगभर पोचले. बीएमडब्ल्यूनं परवानाच दिला नाही तर जर्मनीत बिट बनवून विकणाराच अडकेल. पेटंट मात्र देशापुरतं असतं. भारतात घेतलंच नाही, तर तुमचा लेथवाला मोकळा.

वकील_नाही_पण
कायद्याचं: 2011 ची तक्रार, 25 ऑगस्ट 2014 चा निकाल. भारतीय स्पर्धा आयोगानं 14 कार कंपन्यांना मिळून 2,544.65 कोटींचा दंड केला. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हे कारण. बाहेर काम केलं की सरसकट वॉरंटी रद्द, ही अटही लावू नका असं आयोगानं बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या, ते ओघानंच आलं. 24 डिसेंबर 2022 ला केंद्राचं राइट टू रिपेअर पोर्टल आलं, त्यात वाहनंही आहेत. मात्र पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. स्क्रूच्या डोक्यावर तर कुठेच एक ओळ नाही.

नाशिकरोडचा_मंदार
M8 बरोबर बसला. पाच निघाले. सहाव्याचे दाते आधीच कुणीतरी खाल्लेत, बिट गरगर फिरतोय. काका?

उद्यमनगर_गॅरेज
म्हणजे तुझ्या आधी कुणीतरी बंड्या येऊन गेलाय. त्याच्या समोरचे दोन बोल्ट हलके परत लाव, सहाव्यावरचा ताण कमी होईल. दाभणानं भोकातली माती काढ, बिट हातोडीनं सरळ ठोकून बसव, मग फिरव. तरी नाही निघाला, तर डोक्याच्या कडेला छन्नी तिरकी लावून बोल्ट सुटायच्या दिशेनं ठोक. तेही नाही, तर डोकं ग्राइंडरनं उडव. गाडी डिझेलची असली तरी ठिणग्या उडतात, ग्रीस आधी पुसून घे. शाफ्ट सुटला की उरलेला दांडा पकडीनं सहज फिरतो. सहाही बोल्ट नवे घाल, टॉर्क मॅन्युअलमधे बघून दे. आणि बूट चढवताना क्लॅम्प नवा वापर, जुना आवळत बसू नको.