अवतार ४ आणि ५ जेम्स कॅमेरूनने दुसऱ्या कोणाला डायरेक्ट करू द्यावेत का?

पहिलीरांग:
तिसरा, ‘फायर अँड ॲश’, डिसेंबर २०२५ ला आला, आता चौथा २०२९ आणि पाचवा २०३१ ला म्हणतायत. कॅमेरूनचा जन्म १९५४ चा, म्हणजे पाचवा येईपर्यंत तो ७७ चा होणार. पहिल्या-दुसऱ्या पार्टमध्येच १३ वर्षं गेली. हा माणूस अजून किती वेगळं काही बनवू शकला असता याचं मला खरंच वाईट वाटतं. स्टोरी त्याची, प्रोड्यूसर तो, पण सेटवर दुसरं कोणी, असं का नको?

टी८००फॅन:
अजिबात नको. टर्मिनेटरचं काय झालं बघितलं ना? १९८४ आणि १९९१ चे दोन त्याने केले, मग २००३ पासून एकामागून एक वेगळे डायरेक्टर आले आणि दुसऱ्या पार्टच्या जवळपास एकही पोचला नाही. २०१९ च्या ‘डार्क फेट’ला तर तो स्वतः प्रोड्यूसर होता, स्टोरीतही होता, डायरेक्टर टिम मिलर, तरी पिक्चर आपटलाच.

जुनाप्रोजेक्टर:
अरे पण कॅमेरून स्वतःच दुसऱ्याच्या फ्रँचायजीत शिरून मोठा झालाय! १९७९ चा ‘एलियन’ रिडली स्कॉटचा, १९८६ चा ‘एलियन्स’ याचा, आणि त्याने स्कॉटची कॉपी केली नाही, हॉररचा सरळ वॉर पिक्चर करून टाकला. तसंच ‘स्टार वॉर्स’चा दुसरा पिक्चर ‘एम्पायर स्ट्राइक्स बॅक’, १९८०. स्टोरी ‘स्टार वॉर्स’ बनवणाऱ्या जॉर्ज लुकासची, पैसा उभा केला लुकासने, पण डायरेक्शन दिलं आयर्विन कर्शनरला, जो त्याला कॉलेजात शिकवायचा. त्यात लेआ ‘आय लव्ह यू’ म्हणते आणि हान नुसतं ‘आय नो’ म्हणतो ना, ते स्क्रिप्टमध्ये नव्हतं, कर्शनर आणि हॅरिसन फोर्डने सेटवर बसवलं. नंतर १९९९ पासूनचे तिन्ही ‘स्टार वॉर्स’ लुकासने स्वतः डायरेक्ट केले, त्यात जग भारी उभं केलंय पण माणसं एकमेकांशी बोलायला लागली की सीन थंड पडतो. मला वाटतं जग उभारणं आणि नटांकडून काम काढून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्ही एकाच माणसाने केली पाहिजेत असं कुठे आहे.

रेंडरवाला:
चौथ्याचा काही भाग आधीच शूट झालाय, त्यात काम करणारी पोरं मोठी होतील म्हणून आधी उरकून घेतला. त्यामुळे तो तरी त्याचाच राहू दे. आणि तिथे परफॉर्मन्स कॅप्चर (नटांच्या हालचाली आणि हावभाव कॉम्प्युटरसाठी टिपणं) आधी होतं, कॅमेरा कुठे ठेवायचा, फ्रेम कशी हे नंतर ठरतं, त्यामुळे नव्या माणसाने फक्त नटांसोबतचा भाग सांभाळला तरी चालेल.

पहिलीरांग:
@टी८००फॅन डार्क फेटचा मुद्दा मान्य, पण ‘अलिटा’ विसरू नकोस. तो प्रोजेक्ट कॅमेरूनने कित्येक वर्षं स्वतःसाठी धरून ठेवला होता, शेवटी अवतारमुळे वेळच मिळेना म्हणून रॉबर्ट रॉड्रिगेजला दिला, २०१९ ला आला, आणि मला जाम आवडला. पाचवा त्यालाच दिला तर मी फर्स्ट डे बघायला जाईन.

टी८००फॅन:
अलिटा आवडला मलाही. पण पँडोरा, म्हणजे अवतारचं जग, कॅमेरूनच्याच हातात हवं.