'हिडन हिअरिंग लॉस'ला मराठीत काय म्हणायचं?

दादा गिरगावात दहा वर्षं ढोल वाजवतोय. हल्ली लोकलमध्ये मित्र काय बोलतात ते त्याला कळत नाही, म्हणजे आवाज येतो पण शब्द सुटतात. ऑडिओग्राम, म्हणजे किती हळू आवाज ऐकू येतो त्याची टेस्ट, केला तर रिपोर्ट एकदम नॉर्मल, मॅडम म्हणाल्या हिडन हिअरिंग लॉस असू शकतो. मी घरी येऊन 'छुपा बहिरेपणा' म्हणून टाकलं आणि आई रडायलाच लागली, पोराचं लग्न ठरतंय आणि तू त्याला बहिरा म्हणतेस. 'श्रवणऱ्हास' घरात कोण बोलतं? बोलता येईल असा शब्द सांगा ना.

प्रतिसाद : मी ऑडिओलॉजिस्ट आहे, वांद्र्याला अली यावर जंग या वाचा-श्रवणाच्या संस्थेत शिकले. ताई, 'बहिरेपणा' नकोच, पण मला 'छुपा' जास्त खटकतं. छुपा म्हटलं की माणूस काहीतरी लपवतोय असं वाटतं, आणि इथे त्याला तर त्रास रोज होतोय, लपलाय तो ऑडिओग्रामपासून. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला, काही दिवसांनी त्यांचं ऐकणं टेस्टमध्ये पूर्ववत आलं, कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशीही शाबूत, पण त्या पेशी आणि नस यांच्यातले जोड काही भागात जवळपास निम्मे गेले होते. तुटलेत ते जोड.

आणि 'नस' हा शब्दही जपून वापरा. ओपीडीत आम्हीही म्हणतो, पण लोक रक्ताची नस समजतात आणि 'ब्लॉक झालीय का, औषधाने मोकळी होईल का' विचारतात, म्हणून मी 'कानाकडून मेंदूकडे जाणारी तार' असं सांगते.

बेरा टेस्ट, म्हणजे आवाज कानाकडून मेंदूकडे कसा जातो ते बघणारी तपासणी, सांगितली असेल तर घाबरू नका, कपाळाला आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवतात, हेडफोनमधून टकटक येते, सुई नाही काही नाही, झोप लागली तरी उलट बरंच. त्यात लाटा दिसतात, पहिली त्या तारेची, पाचवी पुढे मेंदूच्या देठातली. पहिली बुटकी आणि पाचवी नीट असेल तर शंका येते, पण शंकाच, कारण पहिली लाट माणसामाणसात मुळातच खूप कमीजास्त असते, तेवढ्यावरून शिक्का मारता येत नाही. गोंगाटात शब्द ओळखायची टेस्टही करून घ्या.

प्रतिसाद : आमची आजी 'कानात दडे बसले' म्हणायची. 'दडलेली तूट' कसं वाटतं?

प्रतिसाद : तूट छान आहे! फक्त दडे सुटतात हो, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कान मोकळे झाले की आपण बरं झालं समजतो. ही तूट त्यानंतर मागे उरलेली असू शकते. त्याला ढोल वाजवताना इअरप्लग घालायला सांगाच.

मूळ लेखिका : 'दडलेली तूट' दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला आईला फक्त 'गर्दीत शब्द सुटतात' एवढं सांग. सांगितलं. आई उठली आणि टीव्ही बंद करून त्याच्या समोर येऊन बसली.