आईसोबत वाचायला ख्रिस्ती पुस्तकं हवीत, मराठीत कुठून सुरू करू?

नगरची_लेक
सगळ्यांना सलाम. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी तरुण संघाला वाचायला दहा पुस्तकांची यादी दिली, सगळी इंग्लिश. यादी चांगली आहे, त्यातलं सी. एस. लुईसचं मिअर ख्रिश्चॅनिटी मी घेतलं पण एका पानाला तीनदा डिक्शनरी बघावी लागते आणि मुख्य म्हणजे आईला त्यातलं काही सांगताच येत नाही. आई आठवी शिकलेली, बाबा गेल्यापासून रात्रीची कौटुंबिक प्रार्थना आम्ही दोघीच करतो, बायबलचा एक अध्याय आणि उपासना संगीत या गीतांच्या पुस्तकातलं एक गीत, आणि मग ती म्हणते अजून काहीतरी वाच ना, आणि माझ्याकडे वाचायला काही नसतं. मराठीत असं काही आहे का जे मोठ्याने वाचता येईल आणि मलाही उपयोगी पडेल? कोणी पाळक असतील इथे तर प्लीज सांगा.

निवृत्त_पाळक
बेटा, सलाम. मी 31 वर्षं मंडळीची, म्हणजे चर्चची, सेवा केली आणि अशी इंग्लिश यादी मीही सुरुवातीला वाटायचो, म्हणून तुझा प्रश्न मनाला लागला.

आधी एक कर, बायबलमधलं मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत मोठ्याने वाच. 16 अध्याय आहेत, दीड-दोन तास लागतात, रविवारी दुपारी दोघी बसा. आपण आयुष्यभर तुकड्या तुकड्याने ऐकलेलं असतं, ते सलग ऐकलं की येशू किती घाईने या गावातून त्या गावात चाललाय ते पहिल्यांदा कळतं.

मग लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे. लोक ते साहित्य म्हणून वाचतात, शाळेत धडा असतो, पण मी गेली कित्येक वर्षं बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना तेच देतो. कारण त्यात विश्वास उपदेश म्हणून येत नाही, घरातनं येतो. तिचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांना 1893 साली रेल्वेत एका सहप्रवाशाने बायबलचा नवा करार दिला, त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते हलले आणि 1895 ला बाप्तिस्मा घेतला, हे आपण सगळे सांगतो, पण त्यावेळी बायकोचं काय झालं, ती किती रडली, वेगळी राहिली, सोवळं सांभाळत राहिली आणि मग हळूहळू तिला उमगलं की जातिभेद देवाने नाही माणसाने केलेत, हे तिनेच सांगावं. तिने बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली, म्हणजे पाच वर्षांनी. घरातला एकजण विश्वासात पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला तर काय करायचं, हे मला सेवेत सगळ्यात जास्त विचारलं गेलं आणि माझ्याकडे त्याला या पुस्तकाहून बरं उत्तर नव्हतं. भाषा तर अशी की आईला वाटेल शेजारची कोणी बाई बोलतेय.

तिसरं, पंडिता रमाबाईंची साक्ष, म्हणजे त्यांच्या विश्वासाची त्यांनीच सांगितलेली गोष्ट, 1907 ची. छोटी आहे. त्या म्हणतात की आधी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नाही, तो नंतर मिळाला. बाप्तिस्मा 1883 चा आणि हे कळायला पुढे किती वर्षं गेली बघ. आपण जन्मापासून मंडळीत असलेले लोक, आपल्याला हे वाक्य फार लागतं. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, ते का, तर केडगावच्या त्यांच्या मुक्ती आश्रमातल्या बायकांना कळावं म्हणून. 1922 ला त्या गेल्या आणि ते छापून आलं 1924 ला.

रोज प्रार्थनेनंतर टिळकांचा एकच अभंग घे, जास्त नको. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा माणूस आहे तो, अभंग आईच्या कानाला ओळखीचा वाटेल.

वसईकर
आम्ही कॅथलिक, पण पाळकांचं पटलं. त्यात भर घालतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल नक्की घ्या, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं, आईला वाचायला सोपं जाईल. आणि फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, 1616 चं, जवळजवळ 11 हजार ओव्या. इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट संघाचा फादर गोव्यात येऊन ओव्या लिहितो! मराठीचं कौतुक करणाऱ्या ओव्या सगळ्यांना पाठ असतात पण पुढे कोणी जात नाही. जुनी भाषा आहे, डोळ्याने वाचलं तर अडतं, ओवीच्या चालीवर म्हटलं की निम्मं आपोआप समजतं.

पुणे_कॅम्प
मला थोडं वेगळं म्हणायचंय. इंग्लिश यादी बाजूला टाकू नकोस, आईबरोबर मराठी वाच आणि स्वतःसाठी एक तरी बाहेरचं ठेव. जर्मन पाळक बोनहोफरचं लाइफ टुगेदर बारीक पुस्तक आहे. नाझींच्या काळात तो फिंकेनवाल्डला पाळक होणाऱ्या मुलांना गुपचूप शिकवत होता, 1937 ला गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ते बंद केलं, त्यानंतर हे लिहिलं, आणि 1945 मध्ये त्याला फाशी दिली. त्याचं म्हणणं असं की मंडळी कशी असावी याच्या स्वप्नावर जो मंडळीपेक्षा जास्त प्रेम करतो तो मंडळी मोडतो. मी कमिटीतल्या भांडणांनी चर्चला जाणं सोडलं होतं, दोन वर्षं, हे वाचून परत गेलो, भांडणं तशीच आहेत पण मी जातो.

निवृत्त_पाळक
हे बरोबर आहे, बोनहोफर माझ्याकडून राहिला. इंग्लिशमध्ये सोपं हवं तर ब्रदर लॉरेन्सचं प्रॅक्टिस ऑफ द प्रेझेन्स ऑफ गॉड. पॅरिसच्या मठात स्वयंपाकघरात राबणारा माणूस, भांडी घासताना देवाशी बोलायचा. हे तर तू वाचून आईला मराठीत सांगू शकशील. फक्त सगळं एकदम विकत घेऊ नकोस. एक संपलं की दुसरं.

नगरची_लेक
पाळकसाहेब, वसईकर दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. मार्क रविवारी वाचला, आई मध्येच म्हणाली थांब, येशू वादळात झोपलाय ते परत वाच. काल स्मृतिचित्रे सुरू केलं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याची हकीकत ऐकून आई हसली आणि मग बराच वेळ तिच्या आजीबद्दल सांगत बसली, ती कुठल्या गावाहून आली, बाप्तिस्मा घेतल्यावर माहेरचं दार कसं बंद झालं. हे मला आजपर्यंत माहीतच नव्हतं. तीन पानंच झाली. आज ती स्वतःच चष्मा लावून बसलीये.