छापखान्याला ऑर्डर: व्हॉट्सअ‍ॅप सोडून नेमकं काय पाठवावं?

पुसदचा_खिळा:
तालुक्याच्या गावातलं लहान प्रकाशन, वर्षाला दहा-बारा पुस्तकं, छपाई नागपूर आणि अमरावतीला. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. मग "१९२ पानं" म्हणजे पृष्ठं की कागदाची पानं, फाइल जुनी की दुरुस्तीची, यावर वाद. बाहेरचे प्रकाशक ईडीआय, ओनिक्स, जेडीएफ वापरतात म्हणे. यातलं आपल्या कामाचं काय? नेट मोबाइलचं, लाइटचा भरवसा नाही.

प्लेटमेकर_अमरावती:
भाऊ, तिन्ही एकात कालवू नका. ओनिक्स पुस्तकाची माहिती विक्रेत्यांपर्यंत पोचवतं, छपाईची ऑर्डर त्यात बसत नाही. जेडीएफ २००१ चं, सिप४ या संस्थेचं. इम्पोझिशन (मोठ्या शीटवर पृष्ठांची मांडणी), घडी, बाइंडिंग यंत्रांना सांगायला ते असतं. २०१८ ला त्याचंच सुटसुटीत एक्सजेडीएफ आलं. व्यवहाराचं काम ईडीआयचं, म्हणजे ऑर्डर-बिलं ठरावीक साच्यात एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवणं. एक्स१२ हा त्यातलाच एक साचा, त्यात प्रत्येक कागदाला क्रमांक: ऑर्डर ८५०, ऑर्डरचं उत्तर ८५५, माल निघाल्याची सूचना ८५६, बिल ८१०.

दहा-बारा पुस्तकांसाठी सॉफ्टवेअर घेऊ नका, पैसे पाण्यात जातील. पण ८५५ ची रीत उचलाच. छापखान्याने ऑर्डर जशी समजली तशी, सगळे आकडे पुन्हा लिहून परत पाठवायची. "ओके दादा" आणि अंगठा हे उत्तर धरायचं नाही. ते येईस्तोवर छपाईची प्लेट काढायची नाही, हे आधीच ठरवून ठेवा.

कागद_रीम:
एका पुस्तकाला एक ओळ, साधी सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली मजकूर-फाइल, एक्सेलमध्ये उघडते). रकाने: ऑर्डर क्रमांक, आवृत्ती क्रमांक (पुस्तकाच्या आवृत्तीचा नव्हे, ऑर्डर-फाइल कितव्यांदा बदलली त्याचा), आयएसबीएन (पुस्तकाचा तेरा अंकी क्रमांक), पृष्ठसंख्या, कापल्यानंतरचा आकार मिमीमध्ये, कागदाचा प्रकार-जीएसएम (चौरस मीटरला वजन, ग्रॅममध्ये)-जाडी, आतले रंग, कव्हर, बाइंडिंग, प्रती, कमी-जास्त किती टक्के चालेल, एका गठ्ठ्यात किती प्रती, तारीख. "पान" हा शब्दच काढून टाका, पृष्ठ लिहा.

पृष्ठसंख्या नेमकी असली की कागदाचा हिशेबही जुळतो. डेमी १/८ या पुस्तकाच्या आकाराला २३×३६ इंची शीटमध्ये ३२ पृष्ठं बसतात. १९२ पृष्ठांना ६ शीट, १००० प्रतींना ६००० म्हणजे १२ रीम (रीमला ५०० शीट), वेस्टेज वेगळं.

जाडी तर विसरूच नका. १९२ पृष्ठं म्हणजे ९६ पानं (इथे मात्र पानंच!). कागद ०.०९ मिमीचा असेल तर पाठ (पुस्तकाचा कणा) ८.६४ मिमी, ०.१० चा आला तर ९.६. जीएसएम तोच ठेवून छापखान्याने गिरणी बदलली की पाठीवरचं नाव सरकलंच समजा.

वर्धाकाठ:
एक्सेलचा घोळ राहिला. आयएसबीएनचा रकाना आधी टेक्स्ट करा, नाहीतर तो ९.७८ई+१२ असा दिसतो आणि तसाच सीएसव्हीत उतरतो. मग अंक गेले ते गेले. शेवटचा अंक तपासणीचा असतो. पहिल्या बारांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करायची, पुढच्या दहाच्या पटीला जितकं कमी पडतं तो तेरावा अंक. एक अंक चुकला तर पकडला जातो. पण शेजारचे दोन उलटले आणि त्यांत ५ चा फरक असेल, जसं २७ चे ७२, तर चूक निसटते. म्हणून पुस्तकाचं नावही लिहा, तेही युनिकोडमध्ये. जुन्या फाँटमधलं नाव तिकडे भलतंच दिसतं. सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-८ निवडा. तारीख २०२५-०६-०५ अशी लिहा. ०५/०६ मे की जून, हा वाद कशाला?

पुसदचा_खिळा:
आणि फाइल? मोठी पीडीएफ अर्ध्यात तुटते.

प्लेटमेकर_अमरावती:
पीडीएफ/एक्स-१ए (छपाईसाठीचा पीडीएफचा प्रकार) करून द्या, फाँट आतच एम्बेड होतात. मजकूर आणि कव्हर वेगळे, नावात आयएसबीएन आणि आवृत्ती क्रमांक. "फायनल-नवीन-२" असली नावं नकोत. ऑर्डरच्या ओळीत दोन्ही फाइलींचा आकार बाइटमध्ये लिहा. तिकडे उतरलेल्या फाइलचा आकडा जुळला नाही तर ती पुन्हा मागवायची. दुरुस्ती एका पृष्ठाची असली तरी आवृत्ती क्रमांक वाढवून पूर्ण ओळ नव्याने पाठवा. "फक्त पृष्ठ ४७ बदला" असा मेसेज टाकला की जुनी प्लेट यंत्रावर चढते.